नवजात बाळाला आईचं दूध पुरतंय का, हे कसं ओळखायचं?

"बाळ सारखं रडतंय, म्हणजे दूध पुरत नसेल. वरचं दूध सुरू करा." बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हे म्हणतंच. बहुतेक वेळा दूध पुरेसं असतं, पण या एका शंकेपोटी बाटली सुरू होते आणि मग आईचं दूध खरोखरच कमी होतं. असं का होतं, ते समजून घेऊया.

पहिले दोन-तीन दिवस: चीक

बाळंतपणानंतर लगेच येणारं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो थोडाच येतो, पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. चिकात संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर असतात, म्हणून तो पिळून टाकू नये. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी उतरतं. सिझेरियन झालं असेल तर थोडा उशीर होऊ शकतो.

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सुमारे ४२ टक्के बाळांनाच तासाभरात आईचं दूध मिळालं होतं.

दूध वाढतं कशाने?

बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. स्तन रिकामा झाला की शरीराला आणखी दूध बनवण्याचा इशारा मिळतो. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ अंगावर कमी पितं, मग दूधही कमी बनतं. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू आईने जरूर खावेत, पण बाळाला वारंवार पाजण्याला पर्याय नाही.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं सामान्य आहे. रात्री पाजणंही महत्त्वाचं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं.

बाळाने नीट धरलंय ना?

बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी आणि नुसतं स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा गडद भागही तोंडात हवा. सतत दुखत असेल किंवा चिरा पडत असतील तर पकड चुकतेय. करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

दूध पुरत असल्याच्या खुणा

- पाचव्या दिवसापासून दिवसाला ६ किंवा जास्त वेळा शू होते.
- काळी, चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते.
- पिताना गिळल्याचा आवाज येतो.
- वजन दोन आठवड्यांत पुन्हा जन्माइतकं होतं.

सुरुवातीला वजन ७ ते १० टक्के उतरू शकतं. म्हणजे ३ किलोच्या बाळाचं २१० ते ३०० ग्रॅम. रडणं मात्र भरवशाची खूण नाही. ओली लंगोट, झोप, थंडी किंवा नुसतं कुशीत यायचं असलं तरी बाळ रडतं.

मध, गुटी, पाणी?

पहिले ६ महिने यातलं काहीच नको. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवू नये. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं किंवा ड्रॉप्स मात्र थांबवू नयेत.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

बाळ सुस्त पडून राहत असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, शू कमी होत असेल, ताप असेल, अंग गार पडत असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर वाट पाहू नका. आईच्या स्तनात लाल, दुखरी गाठ येऊन ताप आला तरी दाखवा. अशा वेळी सहसा पाजणं थांबवावं लागत नाही.

काही बाळांना वैद्यकीय कारणाने वरचं दूध खरंच लागतं. तो निर्णय बाळाचं वजन आणि तब्येत पाहून डॉक्टरांनी घ्यायचा, भेटायला आलेल्यांनी नाही.