कोडिंग शिकलं की गणित सुधारतं का? संशोधन काय सांगतं

संगणकाच्या पडद्यावर एक कासव आहे. त्याला दोनच गोष्टी कळतात : किती पावलं चालायचं आणि किती अंशांत वळायचं. ‘१०० पावलं पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ’ असं चार वेळा सांगितलं की चौरस तयार.

आता त्याच्याकडून समभुज त्रिकोण काढून घ्या. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असतं, म्हणून पहिला आदेश हमखास ‘६० अंश वळ’ असाच जातो. तीन वेळा सांगूनही त्रिकोण मिटत नाही. पडद्यावर दिसतो अर्धा षट्कोन! कारण कासवाला आतल्या कोनाशी देणंघेणं नसतं. आपली दिशा किती बदलायची, एवढंच ते बघतं. म्हणजे त्याला हवा असतो बाह्यकोन, १२० अंशांचा. पूर्ण फेरी मारून ते पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करून उभं राहतं, तेव्हा एकूण ३६० अंश वळलेलं असतं. म्हणून सुसम पंचकोनासाठी ७२, षट्कोनासाठी ६०, आणि ३६० बाजू काढायला सांगितल्या तर १ अंश. तेव्हा आकृती जवळजवळ वर्तुळच दिसते.

हे कासव आलं ‘लोगो’ या भाषेतून. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी ती मुलांसाठी बनवली. पॅपर्ट यांचं म्हणणं समजायला पारशिवनीचं उदाहरण चांगलं. नागपूर जिल्ह्यातला हा तालुका मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. इथल्या मुलाच्या कानावर बाजारात, बसमध्ये हिंदी पडत असते, आणि व्याकरण उघडायच्या आधीच तो ती बोलू लागतो. गणितही असंच ‘बोलून’ शिकता यावं, त्यासाठी संगणक हा गणिताचा गाव व्हावा, असं पॅपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात मांडलं.

मग निकाल काय आले?

कल्पना सुंदर होती, निकाल मात्र रुक्ष. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासलं, की लोगो शिकलेली मुलं इतर कामांचं नियोजन जास्त चांगलं करतात का. तसा फरक दिसला नाही. पुढे इंग्लंडमध्ये ‘स्क्रॅच’ वापरून गणित शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. शंभराहून जास्त शाळा, नऊ ते अकरा वर्षांची मुलं आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम. २०१८ च्या अहवालानुसार संगणकीय विचार करण्याची क्षमता वाढली, पण गणिताच्या परीक्षेतले गुण वाढले नाहीत.

म्हणजे ‘कोडिंग लावा, गणित पक्कं होईल’ या जाहिरातीला आधार नाही. हजारो रुपयांची फी भरण्याआधी पालकांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

नुसतं यंत्र दिलं तर?

याचा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला. २००७ च्या अखेरीस रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेतून छोटे हिरवे लॅपटॉप मिळाले. मोहिमेचा भारतातला हा पहिला पथदर्शी प्रयोग. त्या लॅपटॉपमध्ये ‘टर्टल आर्ट’ होतं, म्हणजे आपलं कासवच. पण वीस-बावीस मुलांच्या शाळेवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तो मिळाला पेरू देशात. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात २०१२ मध्ये दिसलं, की लॅपटॉप मिळाल्याने गणित किंवा भाषेच्या गुणांत फरक पडला नाही.

याच्या उलट उदाहरण बडोद्याचं. तिथल्या महापालिका शाळांना सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते, पण बहुतेक ठिकाणी ते पडूनच होते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००२ पासून चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. मूल चुकलं की सोपं गणित, जमलं की अवघड. पुढे नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह हे मोजलं. गणितातली वाढ ठळक होती. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला मोठा भाग ओसरला, हेही त्यांनीच नोंदवलं.

इथे प्रोग्रामिंग नव्हतं, सराव होता. आणि तो मुलाच्या पातळीवरचा होता. कासवाच्या प्रयोगात गणित असतं ते चुकीत. ६० सांगून त्रिकोण का मिटला नाही, हे कुणी विचारलंच नाही, तर मूल आकडे बदलत बदलत १२० वर पोहोचतं आणि बाह्यकोन हा शब्दही न ऐकता पुढे जातं. माझ्या मते खरी अडचण इथे आहे, आणि लोकवर्गणीतून घेतलेला डिजिटल फळा ती सोडवत नाही.

प्रयोगशाळा नसेल तर

बालभारतीच्या नववीच्या गणित भाग २ मध्ये जिओजेब्रा वापरायला सांगितलं आहे. पारशिवनीच्या मराठी शाळेत असो की पुण्यातल्या, पुस्तक तेच. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास सुरू केलेलं हे साधन शाळेसाठी मोफत आहे आणि साध्या स्मार्टफोनवर चालतं. त्रिकोण काढा, तिन्ही शिरोलंब काढा आणि एक शिरोबिंदू बोटाने ओढत न्या. कोन ९० अंशांच्या पुढे गेला की शिरोलंबसंपात बिंदू त्रिकोणाच्या बाहेर पडतो. फळ्यावर हे दाखवायला पाच आकृत्या लागतील.

अर्थात, बोटाने शंभर त्रिकोण फिरवून पाहिले तरी ती सिद्धता होत नाही. ‘दिसतंय ना, मग सिद्ध कशाला करायचं?’ असा प्रश्न वर्गात आला, तर तास तिथून पुढे न्यायचा.