बहिष्कार आणि देह : ‘वेदना’ या संज्ञेचा पुनर्विचार

‘वेदना, नकार आणि विद्रोह’ ही त्रयी दलित साहित्याच्या समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. तीतील ‘वेदना’ बहुधा मनोवेदना या अर्थी घेतली जाते. घाव, जखम हे शब्द रूपकाच्या खात्यात जमा होतात. वस्तुतः ‘विद्’ धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दात देह आणि मन अशी फाळणी नाही. ही फाळणी वाङ्मयेतिहासाला कितपत मान्य आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते.

जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त प्रसिद्ध झाला. तिरस्काराचा प्रश्न मांडताना ती डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीपाशी येते. थंडीपावसातील ते हाल बहिष्काराचे प्रतीक म्हणून येत नाहीत. तेच बहिष्काराचे स्वरूप आहे.

डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मनिवेदनात हीच साखळी अधिक स्पष्ट दिसते. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच गाडीवान त्यांना नाकारतात. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळते, पण वाटेत पिण्याजोगे पाणी मिळत नाही. जवळ अन्न असूनही, पाण्यावाचून मुले उपाशी झोपतात. नकार येथे तहान होतो.

अन्य भारतीय भाषांतही हा अनुभव देहाच्याच वाटेने येतो. बामा यांच्या तमिळ ‘करुक्कु’ (१९९२) या आत्मकथनाचे शीर्षक ताडपानाच्या करवती कडेवरून आले आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या हिंदी ‘जूठन’मध्ये (१९९७) वर्गाबाहेर काढलेल्या मुलाच्या हाती झाडू दिला जातो.

विज्ञान या प्रश्नाकडे वेगळ्या मार्गाने आले. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये संगणकावरील चेंडूच्या खेळातून व्यक्तीला वगळून मेंदूचे चित्रण केले. शारीरिक वेदनेशी संबंधित अग्र सिंग्युलेट भागात त्या वेळी क्रियाशीलता वाढलेली आढळली. २०१४ मधील एका अभ्यासाने मात्र या निष्कर्षाला मर्यादा घातली : भाग समान असले, तरी त्यांतील क्रियेचे आकृतिबंध भिन्न असतात.

तौलनिक अभ्यासकाने या दुरुस्तीने विचलित होण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील वगळणे काही मिनिटांचे असते आणि ते देहाला स्पर्श करीत नाही. म्हणूनच तेथे दोन वेदनांचे साम्य शोधावे लागते. जातिव्यवस्थेतील बहिष्कार छप्पर, पाणी आणि झाडू यांच्याद्वारे देहापर्यंत पोचतो. तेथे प्रश्न साम्याचा नसून सहअस्तित्वाचा आहे. अशा संहितांतील ‘जखम’ केवळ रूपक मानणे म्हणजे अन्यायाची भौतिक बाजू वाचनातून वगळणे होय.