लॅटिन नामरूपे व विशेषणान्वय

वाक्यातील कार्यानुसार नामाच्या अंत्याक्षरांत होणारा बदल म्हणजे नामरूप. विशेषणाने त्या नामाचे लिंग, वचन व विभक्ती घेणे म्हणजे विशेषणान्वय. कुहीच्या (जि. नागपूर) विद्यार्थ्याला लॅटिन भेटते ते बहुधा वनस्पतिशास्त्राच्या व कृषिशास्त्राच्या पुस्तकांत. बांधीतले धान असो की कुही तालुक्यातही पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातला साग, शास्त्रीय नाव याच नियमांनी घडते.

नामरूपे : लॅटिन नामांचे पाच वर्ग आहेत. वर्ग ठरतो षष्ठीच्या एकवचनावरून. तिचे प्रत्यय अनुक्रमे –आए, –ई, –इस, –ऊस व –एई. म्हणून शब्दकोशात प्रथमेबरोबर षष्ठीही दिलेली असते. प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी व पंचमी या मुख्य विभक्ती होत. संस्कृतातील तृतीयेचे व सप्तमीचे बरेचसे काम लॅटिनमध्ये पंचमी करते. ‘मोठे अरण्य’ याची एकवचनी रूपे अशी : प्रथमा सिल्वा माग्ना, द्वितीया सिल्वाम माग्नाम, षष्ठी सिल्वाए माग्नाए.

मराठीशी तुलना : ‘चांगल्या मुलाला’ यात विशेषण केवळ सामान्यरूप घेते, विभक्तिप्रत्यय नामालाच लागतो. कुहीकडच्या बोलीत ‘ला’च्या जागी ‘ले’ आला, तरी रचना तीच राहते. लॅटिनमध्ये ‘पुएरो बोनो’ असे दोन्ही शब्द चतुर्थीत जातात. संस्कृत शिकलेल्याला ही रीत ‘सुन्दराय बालकाय’मुळे परिचित असते.

लिंग : ‘लागवडीचा’ या अर्थाचे एकच विशेषण तीन पिकांत तीन रूपे घेते. लाखोळी लॅथायरस सॅटायव्हस (पुल्लिंग), धान ओरायझा सॅटायव्हा (स्त्रीलिंग) आणि लसूण ॲलियम सॅटायव्हम (नपुंसकलिंग). तिसऱ्या वर्गाप्रमाणे चालणाऱ्या अनेक विशेषणांत पुल्लिंग व स्त्रीलिंग एकरूप असतात : साग टेक्टोना ग्रँडिस, वड फायकस बेंगालेन्सिस, नपुंसकलिंगी रूप मात्र वेगळे, जसे लांब धाग्याच्या कापसाच्या गॉसिपियम बार्बाडेन्से या नावात.

अन्वय म्हणजे यमक नव्हे. ‘आग्रिकोला’ (शेतकरी) हे पहिल्या वर्गातले, पण पुल्लिंगी नाम. म्हणून आग्रिकोला बोनुस, षष्ठीत आग्रिकोलाए बोनी. उलट, वृक्षनामे परंपरेने स्त्रीलिंगी मानली जात असल्याने पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि चिंच टॅमॅरिंडस इंडिका होते. तीळ मात्र सेसॅमम इंडिकम.

अपवाद : नावातील दुसरा शब्द नाम असेल तर तो प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. जांभळाच्या सिझिजियम क्युमिनी या नावातील ‘क्युमिनी’ ही ‘जिरे’ या अर्थाच्या नामाची षष्ठी आहे. हा भेद मूग व उडीद यांच्या नावांत स्पष्ट दिसतो. फॅसिओलस ही पुल्लिंगी प्रजाती सोडून दोन्ही पिके व्हिग्ना या स्त्रीलिंगी प्रजातीत गेली, तेव्हा मुगाचे रेडिएटस हे विशेषण रेडिएटा झाले. उडदाचे मुंगो हे नाम असल्याने तसेच राहिले.

सद्यःस्थिती : 1 जानेवारी 2012 पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत दिलेले चालते. नावाला मात्र ही सूट नाही. ते लॅटिन रूपातच द्यावे लागते आणि विशेषणाचा प्रजातीच्या लिंगाशी मेळ बसला नसेल, तर अंत्याक्षरे दुरुस्त केली जातात.