गर्भवती शेतमजूर महिला आणि कीटकनाशके

फवारणीचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो. पण पाणी आणणे, औषध कालवणे, फवारलेल्या कपाशीत निंदण करणे, फवारणीचे कपडे धुणे ही कामे आमच्या मजूर आयाबहिणी करतात. विष त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. काही कीटकनाशके वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतात.

गर्भाचा मेंदू व मणका ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. प्रत्येक बाळात व्यंग येतेच असे नाही. पण धोका वाढत असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

केरळच्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर सुमारे 20 वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. तिथे जन्मजात व्यंगाची अनेक मुले आढळली. लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आणि 2017 मध्ये पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, विहारातील बैठकीत हा विषय घ्या. गरोदर किंवा मूल हवे असलेल्या महिलेला औषधाच्या कामापासून आणि ताज्या फवारलेल्या शेतापासून दूर ठेवा. मात्र तिची मजुरी बुडू देऊ नका. मजुरी बुडाली तर ती पुन्हा त्याच शेतात जाईल.