गळती मातीची की स्लॅबची?

पेण-रोह्याकडे गच्चीवर हिरवळ करायचा विषय काढा, एक ठाम मत समोर येते. ते मांडणारे अडाणी नव्हेत. हयात बांधकामात गेलेले मिस्त्री त्यांत आहेत. म्हणून त्यांची बाजू आधी पुरती ऐकू. ही थंड मुलखातली थेरं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. माती टाकली की स्लॅब गळणार, ओल्या ओझ्याने वाकणार. दिवाळीनंतर झाडांना पाणी कुठले? त्यापेक्षा पत्र्याची शेड मारा. ऊन-पाऊस दोन्ही बाहेर.

गळतीचा आरोप सर्वांत मोठा, म्हणून पुरावाही मोठा देतो. मलबार हिलचे हँगिंग गार्डन हे पिण्याच्या पाण्याच्या जलाशयाचे छप्पर आहे. शतकाहून अधिक काळ मुंबईचा पाऊस त्या बागेवर कोसळतो आहे. माती आणि मुळे छप्पर फोडतच असती तर दक्षिण मुंबई काय प्यायली असती? स्लॅब गळतो तो चुकलेल्या उताराने, पॅरापेटच्या कोपऱ्यातल्या फटीने, पालापाचोळ्याने तुंबलेल्या पन्हाळीने. दिवसा तापून फुगणारा आणि रात्री आकसणारा कोबा तडकतो, हे मिस्त्रींना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. मातीचा थर तेच ऊन अडवतो. खाली जलरोधक थर आणि मुळे रोखणारा कागद मात्र हवाच. तो न घालता माती ओतली, तर दोष कुणाचा?

ओझ्याचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात. शेतातली माती चार इंच पसरून भिजवली की ती त्या मर्यादेपलीकडे जाते; कोकोपीट आणि कुजलेल्या पाल्याचे मिश्रण बरेच हलके राहते. जुन्या घरावर अभियंत्याला विचारल्याशिवाय काही करू नये, हे मान्य. पण गळती थांबवायला त्याच स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा चढतो, तेव्हा ओझे कुणाला आठवते?

आता पाण्याचे. उत्तर सह्याद्रीच्या सड्यांवर आहे. कासच्या पठारावर जांभ्यावर मातीचा पातळ थर, डोक्यावर प्रचंड पाऊस, नंतर महिनोन्‌महिने कोरड. तरी जून आला की गवत आणि तेरडा उगवतो. हिवाळ्यात वाळतो, बी मातीत राहते. कोण घालते पाणी? गच्चीवर गुलाब आणि लॉन हवे असेल तर टँकर लागेल. सड्याची झाडे लावणाऱ्याला तो लागत नाही. उन्हाळ्यात ती वाळतील, गारवा कमी होईल. पण कोरड्या मातीचा थरही उष्णता अडवतोच.

उष्णतेची आठवण मुद्दाम करतो. रोह्याच्या वरच्या अंगाला भिऱ्यात 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंशांची नोंद झाली. आकडा थोडा इकडेतिकडे धरा. पत्रा अशा दुपारी काय करतो? स्लॅबवरचे थेट ऊन तो अडवतो, हे नाकारत नाही. पण स्वतः तापून खाली धग ओकतो. हमरापूर-जोहे भागात पत्र्याखाली गणपती घडवणाऱ्याला विचारा: शाडू घाईने वाळला की मूर्तीला तडा जातो.

पुराबद्दल मात्र हिरव्या छपराच्या भक्तांनाही आवर घालावा लागेल. जुलैत भिजून चिंब झालेली माती फारसे पाणी धरत नाही, आणि कुंडलिका नदीचा पूर डोंगरातून येतो. गच्च्यांनी तो थांबायचा नाही. फायदा आहे तो जूनच्या पहिल्या सरींत आणि परतीच्या पावसात. पत्र्यावरचा थेंब क्षणात गल्लीत पोहोचतो. मातीतला रेंगाळतो आणि गटाराला उसंत मिळते. एवढेच. पण बाजारपेठेत गुडघाभर पाण्यातून गेलेल्याला हे एवढेच थोडके वाटेल?

निवाडा वाचकांनी करावा. फक्त ‘अमक्याची गच्ची बागेमुळे गळली’ असा साक्षीदार पुढे आला, तर त्याची उलटतपासणी घ्यावी. जलरोधक थर कोणी घातला? माती टाकण्याआधी गच्चीत पाणी तुंबवून तो तपासला होता का? आणि पन्हाळीचे तोंड शेवटचे कधी साफ केले होते?