गंज पेठेतला फुलेवाडा

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये नगरसेवकाचं घर म्हटलं की आधी वाढदिवसाचे फलक डोळ्यांपुढे येतात. पुण्याच्या गंज पेठेत मात्र नगरपालिकेच्या एका सभासदाचं घर राज्य संरक्षित स्मारक म्हणून उभं आहे. विटांच्या भिंती, लाकडी खांब, वर कौलं. वाडा म्हणावा असा बडेजाव काही नाही. घरमालक जोतीराव फुले. लोक त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतात, पण ते बांधकामाचे कंत्राटदारही होते आणि १८७६पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासदही.

वाड्याचं खरं काम त्याआधीच सुरू झालं होतं. १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं, विचारणारं कुणी नाही. अशाच एका विधवेचा मुलगा जोतीराव आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. १८६८मध्ये घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. भाषणात समता सांगणं वेगळं आणि आपल्या हौदावर शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून दुसऱ्याची घागर भरू देणं वेगळं.

नगरपालिकेतही हा माणूस गैरसोयीचाच होता. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला त्यांनी विरोध केला. पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, म्हणाले. मोठी मंडई बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. मंडई झालीच, १८८६मध्ये, गव्हर्नर रे यांच्या नावाने. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! जोतीरावांना हे कळतं, तर त्यांनी आधी खर्चाचा हिशेब मागितला असता.

आपल्याला दहन न करता मिठात पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. घरामागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, तेव्हा राहत्या वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही. नकार दिला तो ज्या नगरपालिकेत ते बसत होते तिनेच. दहन झालं, अंत्ययात्रेत पुढे धरायचं टिटवं सावित्रीबाईंनी धरलं, अस्थी घरामागे आणून पुरल्या. आज तिथे समाधीचं वृंदावन आहे.

यशवंत गेल्यावर घर विकलं गेलं. मधल्या काळात त्याची आठवण ठेवली ती सरकारपेक्षा जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी. सरकारला जाग यायला बराच काळ गेला. १९९३मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते वाडा ‘समता भूमी’ म्हणून राष्ट्राला अर्पण झाला. आता ११ एप्रिलच्या जयंतीला आणि २८ नोव्हेंबरच्या पुण्यतिथीला इथे पाय ठेवायला जागा नसते. पुढाऱ्यांच्या गाड्या पेठेच्या गल्लीत अडकतात.

बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याच्या नशिबी हे नव्हतं. जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची पहिली शाळा तिथली. पण कोर्टकज्जांत वास्तू खंगत गेली आणि डिसेंबर २०२३मध्ये रातोरात पाडावी लागली, स्मारकासाठीच! फुलेवाड्याच्या विस्ताराचीही योजना आहे: शेजारच्या सावित्रीबाईंच्या स्मारकाला तो जोडायचा, मधली जागा ताब्यात घ्यायची. त्या जागेत माणसं राहतात. त्यांना कुठे आणि कधी घर मिळणार, हे मोजमाप करण्याआधी ठरायला हवं. जोतीराव सभेत असते, तर ठराव त्यांनी तिथेच अडवला असता.