घूं आवाजाची गोष्ट

मंडळी, सुरुवात एका फजितीनं करतो. मध्यंतरी आमचा नातू एका छोट्या सभागृहात लॅपटॉपवर संगीत वाजवणार होता. चार्जर लावला आणि स्पीकरमधून जी घूं सुरू झाली! साउंडवाल्यानं पक्कड काढली आणि प्लगची अर्थिंगची पिनच उपटायला निघाला. "बघा काका, आवाज बंद होतो की नाही." होतो, त्याचं खरं होतं. तरी आम्ही त्याचा हात धरला.

हा आवाज आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा, आणि तिच्या पटींचा, मुख्यतः १०० चा. म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. पेटीशीसुद्धा धड जुळत नाही!

त्रास जुना आहे. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची, परतीची वाट जमिनीतून. मग शहरांत विजेच्या ट्राम आल्या. त्यांचा प्रवाहही रुळांतून आणि जमिनीतूनच परतायचा, त्यामुळे फोनवर बोलणं कमी आणि खरखर जास्त. उपाय निघाला तो दोन तारांचा, त्याही एकमेकींना पीळ दिलेल्या. बेलचं तसं पेटंट १८८१ चं आहे. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच होतो, तेव्हा एकीतून दुसरी वजा केली की तो गेला. मायक्रोफोनची आजची बॅलन्स्ड केबल ही त्याच युक्तीची वारस. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज केलेल्या गिटारच्या हमबकरमध्येही वजाबाकीच आहे: उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी, घूं वजा, तारेचा सूर अधिक.

लॅपटॉपचं दुखणं मात्र निराळं. त्याला जमिनीकडे जायला दोन वाटा मिळतात. एक चार्जरच्या पिनेतून, दुसरी ऑडिओ केबलच्या जाळीतून मिक्सरकडे. दोन सॉकेटांचं अर्थिंग तंतोतंत एका पातळीवर नसतं, म्हणून जाळीतून प्रवाह वाहतो, तोच आपण ऐकतो. वाट तोडायचीच तर ऑडिओची तोडावी. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये घातला की संगीत चुंबकत्वाच्या जोरावर पलीकडे जातं. त्यावरचं ग्राउंड-लिफ्टचं बटण केबलची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. बॉक्स नसेल तर लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावेत, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

पिन उपटली तरी घूं जाते, पण तीच पिन माणसाला वाचवायला असते. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथं 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी यानं भर कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लावला. मायक्रोफोनचं अर्थिंग धड नव्हतं. तो तिथंच गेला. वय सत्तावीस.

हे सगळं त्या साउंडवाल्याला सांगायला वेळ कुठला? आम्ही नातवाला विचारलं, बॅटरी किती? "साठ टक्के." कार्यक्रम चाळीस मिनिटांचा. चार्जर काढून ठेवला, घूं थांबली, आणि पक्कड परत पिशवीत गेली.